दहा नियम आणि मिठाची पुडी

दुसऱ्याच्या नेमात माणसानं मध्येच "मीही" म्हणू नये. म्हणायचंच असेल, तर आधी नेम नेमका कोणाचा आणि कशाचा, ते विचारून घ्यावं. सूचनारावांनी विचारलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या दोन अक्षरांपायी घडलं.

सूचनाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सार्वजनिक वाचनालयात कारकून होते आणि तिथल्या भिंतींवरची प्रत्येक सूचना त्यांच्या हातची होती. 'शांतता राखा.' 'पानांचे कोपरे दुमडू नका.' 'पंख्याखालची खुर्ची एका वाचकाने एका तासापेक्षा जास्त अडवू नये.' 'खाऊ आणू नका, मुंग्या आपल्या सभासद नाहीत.' अक्षर असं, की मोत्यांनी मान खाली घालावी. वाचनालयात पुस्तकं जास्त की सूचना जास्त, यावर जुन्या वाचकांत दोन तट होते.

तर या वाचनालयात चार कॉम्प्युटर आले. मागच्या खोलीत टेबलं लागली, तारा ओढल्या गेल्या, आणि ग्रंथपालबाईंच्या कपाळावर आधीच असलेल्या आठीशेजारी दुसरी आठी आली. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "नवी माणसं येणार. कोण कोणाला काय पाठवेल, कुठे काय लिहून ठेवेल, नाव जाईल वाचनालयाचं. मी अकरा आठवडे बघणार. गैरवापराची एक तक्रार आली, की खोलीला कुलूप."

सगळे माना हलवत होते. सूचनाराव मात्र उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही.

"बाई, लोक वाईट नसतात," ते म्हणाले. "त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच."

आयुष्यात त्यांनी उच्चारलेलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं. (भिंतीवर लावण्यासारखं. पण त्या क्षणी हाताशी पुठ्ठा नव्हता.)

"मग तुम्ही सांगा," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि अशा रीतीने सूचनाराव मास्तर झाले.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी ही हकिकत बायकोला सांगितली. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. वहिनींचा देवावर विश्वास होता आणि देवाचाही त्यांच्यावर असावा, कारण त्या जे बोलत ते पाळत. शेजारणीचा गुडघा बरा व्हावा म्हणून त्यांनी एकदा तीन महिने चप्पल सोडली होती. (गुडघा बरा झाला. वहिनींच्या टाचांना भेगा पडल्या, पण त्याबद्दल त्यांनी वर कधी विचारणा केली नाही.)

नवऱ्याचे डोळे असे चमकताना त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितले नव्हते. त्या उठल्या, देवासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "यांचा वर्ग बिनतक्रार पार पडू दे. अकरा आठवडे मी मीठ सोडलं."

सूचनारावांचं मन भरून आलं. आणि मन भरलं की माणसाचं तोंड उघडतं. "तू माझ्यासाठी मीठ सोडणार? मग मीही!"

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे त्याग इतका ओसंडत होता, की त्यांच्याच्यानं बोलवेना. त्या नुसत्या हसल्या. "बरं," म्हणाल्या.

पहिल्या रात्रीच्या जेवणात दोन घास सूचनारावांना फार उदात्त वाटलं. तिसऱ्या घासाला उदात्तपणा संपला आणि भाजी उरली. अळणी! चौथ्या दिवशी ते वाचनालयात शब्दकोश उघडून बसले आणि 'मीठ' या शब्दाखालच्या सगळ्या म्हणी एखाद्या मेजवानीसारख्या वाचून काढल्या. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी एक पुडी आणली आणि ड्रॉवरमध्ये शाईच्या बाटलीमागे लपवली. (घेताना दुकानदाराला उगाचच सांगितलं, "एका मित्राला हवी आहे.")

मग रोज दुपारी डबा उघडायचा, इकडेतिकडे बघायचं आणि चिमूटभर मीठ भुरभुरायचं. चिमटीची पुढे दोन बोटं झाली, दोन बोटांचं चमच्याचं टोक झालं. भाजीला चव आली आणि मनाला टोचणी लागली. टोचणी जरा जास्तच असावी, कारण हल्ली त्यांना तहान फार लागे. वर्गात बोलावं लागतं, घसा सुकतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वर्ग मात्र खरंच बहरला. अकरा विद्यार्थी, सगळ्यांत लहान पन्नाशीचा. पस्तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले टपालकाका. शिवणाच्या मशीनवर दोन मुलींची शिक्षणं पार पाडलेल्या शिवणमावशी. इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर, ज्या अजूनही समोरच्याला "तोंड उघडा" म्हणतील असं वाटे. मागच्या बाकावर स्वतः वहिनी, वहीला कव्हर घालून. सूचनारावांनी दहा नियम लिहून भिंतीवर लावले. पहिला, 'खात्री केल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये.' पाचवा, 'जे आपल्यासाठी नाही ते वाचू नये.' सहावा, 'कोणी चुकलं तर चारचौघांत दाखवू नये, एकट्याला गाठून सांगावं.' आठवा पासवर्डचा. तो कोणालाही सांगायचा नाही म्हटल्यावर शिवणमावशींनी तो कॉम्प्युटरलाही सांगायला नकार दिला. "कोणालाही नाही म्हणालात ना? मग याला तरी का?" (त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला.)

नववा नियम होता, 'माणसाने फोन वापरावा, फोनने माणूस वापरू नये.' तो ऐकून वहिनींनी त्याच दिवशी नेम धरला, की फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर राहील आणि दुपारी चार वाजता एकदाच बघितला जाईल.

वर्गाचा एक ग्रुपही झाला. त्यात अकरा विद्यार्थी, सूचनाराव, आणि देखरेखीला ग्रंथपालबाई.

नववा आठवडा उजाडला. बुधवार. दुपारी दीड वाजता सूचनाराव डबा उघडून, पुडी सोडून बसले होते. एकट्यानं गुन्हा करून करून माणूस कंटाळतो. कोणाला तरी सांगावंसं वाटतं. त्यांनी फोन घेतला आणि परगावी राहणाऱ्या धाकट्या भावाला लिहिलं:

'प्रिय धाकट्या, नऊ आठवडे झाले, जेवणात मीठ नाही. तुझ्या वहिनीचा नेम. मी मीही म्हणालो आणि अडकलो. ड्रॉवरमध्ये पुडी ठेवली आहे, म्हणून जिवंत आहे. वर्ग चालू आहे. टपालकाका एका बोटाने टाइप करतात आणि तेही बोट विचारून उचलतात. शिवणमावशी माऊस कात्रीसारखा धरतात. सिस्टर माझं बोलणं नाडी मोजल्यासारखं ऐकतात. ग्रंथपालबाईंचा चेहरा आमच्या घरच्या भाजीसारखा, अळणी. हे कोणाला सांगू नकोस. वहिनीला तर मुळीच नाही. तुझा दादा.'

पाठवलं. हलकं वाटलं. डबा संपवला, तीन भांडी पाणी प्याले. दोन वाजता शुक्रवारच्या धड्याची सूचना टाकायला त्यांनी वर्गाचा ग्रुप उघडला, आणि तिथे सगळ्यांत खाली, स्वतःच्या नावाखाली, त्यांना दिसलं: 'प्रिय धाकट्या.'

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते पुस्तकांत त्यांनी बरेचदा वाचलं होतं. वाचनालयाची फरशी पक्की होती, तरीही सरकली. त्यांनी मजकूर बोटानं दाबून धरला. फोननं विचारलं, सगळ्यांसाठी पुसायचं की फक्त स्वतःसाठी? (सातव्या आठवड्यात त्यांनी हाच फरक फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी समजावला होता.) घाईघाईत बोट पडलं ते 'फक्त माझ्यासाठी'वर. त्यांच्या फोनवरून मजकूर गेला. आता जगात तो सगळ्यांकडे होता, फक्त त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांना तो परत पुसताही येत नव्हता.

गैरवापर म्हणतात तो हाच. आणि तो केला कोणी? अकरा नवशिक्यांपैकी कोणी नाही. मास्तरानं. म्हणजे खोलीला कुलूप, आणि बायकोनं नऊ आठवडे जिभेवर दगड ठेवून पाळलेला नेम आपल्याच बोटानं मातीत. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. चारला वहिनी फोन बघणार.

खरं तर त्यांनी सरळ घरी जायला हवं होतं. पण बायकोसमोर उभं राहायचं धैर्य जमवायला माणूस आधी दहा जणांसमोर उभा राहून येतो. ते ग्रंथपालबाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, मला माफ करा."

"कशाबद्दल?" बाई वर न बघता म्हणाल्या.

ती शांतता सूचनारावांना सोसेना. (शांतता राखा, असं भिंतीवर त्यांनीच लिहिलं होतं.) "तुमच्या चेहऱ्याला मी अळणी म्हणालो, पण ते भाजीच्या संदर्भात होतं, बाई."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. "माझ्या चेहऱ्याला कोण काय म्हणालं?"

"मी. ग्रुपवर. तुम्ही वाचलंच असेल..."

"ग्रुपवर 'प्रिय धाकट्या' असं काहीतरी आलंय. मी घरात थोरली आहे. धाकट्याचं पत्र मी का वाचीन? तुमचाच पाचवा नियम आहे ना? मी पहिल्या दोन शब्दांवर थांबले."

 सूचनारावांची जीभ भलतंच बोलली. "म्हणजे ड्रॉवरमधल्या पुडीचंही तुम्हाला..."

"कुठली पुडी?"

बाईंच्या डोक्यामागे, सूचनारावांच्याच मोत्यांना लाजवणाऱ्या अक्षरात, मुंग्या आपल्या सभासद नाहीत हे लिहिलेलं होतं. सूचनारावांनी पुडीचं सांगितलं. मग पुडी का, ते सांगितलं. मग वहिनींचा नेम सांगितला.

ग्रंथपालबाईंनी चष्मा परत चढवला. "कोणी वाचलं असेल, तर ती तक्रार," त्या म्हणाल्या. "कोणी वाचलंच नसेल, तर कसली तक्रार? अर्धी रजा देते. बघून या." आणि सूचनाराव दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "आणि माझा चेहरा अळणी नाही. तो विचारात असतो."

आता शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं, की बाईंनी वाचलं नाही तर इतरांनीही वाचलं नसेल. पण 'लोक वाईट नसतात' असं भर सभेत सांगणाऱ्या आमच्या सूचनारावांचा ऐन वेळी आपल्याच अकरा माणसांवर भरवसा राहिला नाही. बाई म्हणजे शिस्तीच्या, त्या थांबल्या. बाकीचे कसले थांबतात!

शिवणमावशींच्या दारातूनच ते ओरडले, "मावशी, माऊस कात्रीसारखा धरता, असं मी लिहिलं, ते मनावर घेऊ नका!"

मशीन थांबलं. मावशींनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटं मिटून उघडून बघितली. "धरते की काय मी तसा?"

"वाचलं नाहीत तुम्ही?"

"दुसऱ्याच्या मापाचा कपडा मी अंगाला लावून बघत नाही. 'धाकट्या' दिसलं, फोन उपडा ठेवला." मग मावशींच्या आवाजाला धार आली. "पण काय हो, कात्रीसारखा धरते हे दिसत होतं, तर नऊ आठवडे तोंडात काय धरलं होतंत? माझा अंगठा दुखतोय म्हणून मी लेप लावत बसले!"

मशीनजवळच्या खोक्यावर बसून, कापडाच्या चकतीला माऊस समजून, सूचनारावांनी त्यांना हात कसा धरायचा ते दाखवलं. त्यात वीस मिनिटं गेली.

सिस्टर त्यांना दारातच भेटल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मनगट धरलं. "धावत आलात? बसा. आधी बसा!" सूचनाराव बसून माफी मागू लागले, तोवर त्यांच्या दंडाला पट्टा आवळला गेला होता.

"मी नाही वाचलं," सिस्टर हवा भरत म्हणाल्या. "पेशंटच्या उशाखाली काय काय सापडतं, आम्ही परत तिथेच ठेवतो. गप्प बसा आता." काटा बघून त्यांच्या भुवया चढल्या. "प्रेशर वाढलंय. वर्गातही बघते, सारखे पाणी पिता. पायांवर सूज आहे. मीठ कमी करा."

"सिस्टर! नऊ आठवडे आमच्या घरात मीठ नाही हो!"

"घरात नाही. आणि बाहेर?"

सूचनारावांनी त्या दिवशी पुन्हा एकदा पुडीचा कबुलीजबाब दिला.

"किती घालता?"

"आधी चिमूटभर. आता... चमच्याचं टोक. जरा भरलेलं."

सिस्टर पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "मुळात अळणी जेवण, त्यावर एवढंसं मीठ. त्यानं एवढं व्हायला नको. काहीतरी जुळत नाही तुमचं."

पण जुळवत बसायला वेळ कोणाला होता? पावणेतीन वाजून गेले होते. बाकीच्यांकडे काय झालं ते सांगत बसत नाही. घर बदललं, चप्पलांचे जोड बदलले, उत्तर तेच. कोणी वाचलं नव्हतं, आणि प्रत्येक घरातून बाहेर पडताना मात्र त्या घराला सगळं माहीत झालेलं होतं. सूचनाराव पुढे धावत होते आणि त्यांची अब्रू त्यांच्याच तोंडून घरोघर पोचत होती.

राहिले टपालकाका. ते घरी नव्हते. सापडले ते सूचनारावांच्याच गल्लीच्या तोंडाशी, पांढरा सदरा, पायांत वहाणा, हातात चौघडी घातलेला कागद.

"तुमच्याकडेच निघालो होतो," काका म्हणाले. "चारचौघांत सांगायचं नाही, सहावा नियम. म्हणून चालत आलो. तुमचं पत्र चुकून भलत्या पत्त्यावर पडलंय, सर." त्यांनी कागद उलगडला. त्यावर दोनच शब्द लिहून घेतले होते: 'प्रिय धाकट्या'. "पत्ता तेवढा वाचला. आतलं नाही. हे धाकटे कुठे राहतात?"

"दोनशे किलोमीटरवर."

"बस असेल ना?" काका सहज म्हणाले. "सांगा, नेऊन देतो. माझ्या हातून पत्र कधी राहिलेलं नाही."

सूचनारावांना हसावं की रडावं ते कळेना. "काका, त्यात मी तुमची टिंगल केली आहे. एका बोटानं टाइप करता, आणि ते बोटही विचारून उचलता, असं लिहिलंय."

काकांनी विचार केला. "खरंच आहे ते. एकच बोट." त्यांनी ते वर करून बघितलं. "याच बोटानं लेकीला लिहिलं, खुशाल आहे म्हणून. वीस मिनिटं लागली. तिचं उत्तर आलं तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर उभाच राहिलो, तुम्ही 'बसा, काका' म्हणालात, आठवतं? पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, सर. माझ्या नावाचं असं पहिलंच."

काकांनी कागदाची परत चौघडी घालून तो खिशात ठेवला.

"खोली बंद होणार नाही ना?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही," सूचनाराव म्हणाले. त्यांना ते माहीत नव्हतं. पण आता ते खरं करून दाखवायला हवं, एवढं त्यांना कळलं. आणि त्यासाठी उरलेलं शेवटचं दार आपलंच आहे, हेही कळलं.

चार वाजायला पाच मिनिटं होती. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डाळ निवडत होत्या. फोन फळीवर होता. नवऱ्याला या वेळी दारात बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. "अहो, बरं वाटत नाही का? चेहरा बघा कसा झालाय!"

हात वर केला असता तर फोन हाताला लागला असता. सूचनारावांनी फोनकडे बघितलं. मग बायकोच्या टाचांकडे बघितलं, जुन्या भेगा अजून दिसत होत्या. आणि ते समोर खाली बसले.

"अगं, मी मीठ खाल्लं," ते म्हणाले. "एकदा नाही. रोज. वाचनालयात पुडी ठेवली होती. ते धाकट्याला लिहायला गेलो आणि सगळ्या वर्गाला पाठवलं. तुझ्या फोनवरही आलंय. तू माझ्यासाठी सोडलंस, मी तुझ्याशी खोटं वागलो. तुझा नेम मी बुडवला."

वहिनींनी घड्याळ बघितलं. "चार वाजले नाहीत अजून. मी बघितला नाही फोन. आणि धाकट्या भावजींचं पत्र मी कशाला वाचलं असतं? पाचवा नियम नाही का?"

सूचनारावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. दिवसभरात हीच एक राहिली होती जिला काही कळलं नव्हतं, आणि तिलाही आता त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

वहिनी मात्र रागावल्या नव्हत्या. त्या त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होत्या. "रोज मीठ घालत होतात? डब्यातल्या भाजीवर?"

"हो."

"वरून?"

"वरूनच ना. आत कुठून असणार?"

वहिनी उठल्या. दोन लहान पातेली त्यांनी समोर आणून ठेवली, दोन चमचे ठेवले. डावीकडच्या पातेल्याकडे बोट केलं. "ही खा."

सूचनारावांनी एक चमचा घेतला. तोंडात घोळवला. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की ग्रंथपालबाईंचा त्यापुढे खमंग म्हणावा. ते अळणी नव्हतं, अळणीपणाचं मूळ होतं. "हे... हे काय आहे?"

"माझी भाजी. नऊ आठवडे मी हीच खाते. आता उजवीकडची खा. ती तुमची."

त्यांनी खाल्ली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आधी घास आणि मग मत, या क्रमानं ते जेवले. भाजीत मीठ होतं. चांगलं, बेतशीर मीठ.

"पहिल्या दिवसापासून?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांनी जरा हात आखडा म्हटलं होतं तुमच्यासाठी, तेवढं कमी केलं. नेम मी धरला होता, माझ्या जिभेचा. दुसऱ्याच्या ताटात लादलेला नेम देवाला कसा चालेल?"

"मग सांगितलं का नाहीस?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. पदराआड हसू लपेना. "तुम्ही घास घेताना तोंड इतकं पवित्र करत होतात, मला वाटलं, राहू दे. एवढं समाधान मीठ खाऊन कोणाला मिळतं?"

नावडतीचं मीठ अळणी, असं लोक म्हणतात. इथे आवडतीचं मीठ घरच्या घरी अळणी लागत होतं, आणि नऊ आठवडे मीठ असलेल्या भाजीवर आणखी मीठ घालून माणूस पाण्याची भांडी रिकामी करत होता. सिस्टरचं जुळत नव्हतं ते आता जुळलं. सूचनाराव आधी ओशाळले, मग हसले, मग हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"मग तुझा नेम?"

"माझा नेम माझ्याकडे आहे, जसाच्या तसा. दोन आठवडे राहिलेत." त्यांनी डावीकडचं पातेलं उचलून झाकून ठेवलं. "आणि मला काळजी नाही. अकरा माणसांच्या हातात उघडं पत्र पडलं आणि एकानंही वाचलं नाही. कोणाचा वर्ग आहे तो?"

हे मात्र दिवसभरात सूचनारावांच्या लक्षातच आलं नव्हतं.

अकरावा आठवडा संपला. ग्रंथपालबाईंनी वहीत लिहिलं, 'गैरवापराच्या तक्रारी: नाहीत', आणि खोलीची किल्ली सूचनारावांच्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. ठेवताना त्या हसल्या, असं टपालकाका शपथेवर सांगतात. त्या शेवटच्या वर्गाला मागच्या बाकावरून वहिनींनी हात वर केला.

"सर, एक नियम राहिलाय."

वर्गात सगळे नवरा-बायकोकडे आळीपाळीनं बघू लागले. वहिनी फळ्याशी आल्या आणि गोल, घरगुती अक्षरात लिहिलं, 'अकरावा: चाखल्याशिवाय मीठ घालू नये.' सिस्टर सगळ्यांत आधी हसल्या. शिवणमावशींनी टेबलावर हात आपटला, तेव्हा त्यांच्या हातात माऊस होता आणि तो त्यांनी अगदी बरोबर धरला होता.

त्या संध्याकाळी वहिनींनी अकरा आठवड्यांनंतर मिठाचा पहिला घास घेतला. सूचनाराव समोर बसून बघत होते. मग त्यांनी ठरवलं, की अकरावा नियम आपणच, मोठ्या मनानं, ग्रुपवर टाकायचा. या खेपेला घाई करायची नाही. त्यांनी तो लिहिला. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. स्वल्पविराम एकदा घातला, एकदा काढला, परत घातला. तीनदा वाचला. पहिला नियम पूर्ण पाळून, शांत मनानं, त्यांनी बटण दाबलं.

मिनिटाभरात उत्तर आलं. सगळं तपासलं होतं, फक्त कोणाला जातंय तेवढं सोडून. ते गेलं होतं धाकट्याला.

धाकट्यानं लिहिलं होतं: 'दादा, तुझ्या भाजीत मीठ असतं, हे वहिनींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, भावजी, हे तुमच्यापाशीच ठेवा, पुढे पाठवू नका. मी ठेवलं. नियम चांगले आहेत तुझे.'